पाचवा डॅन

नाईकवडी सर फ्लेक्ससमोर उभे राहून चष्मा पुसत होते.

मंगल कार्यालयाच्या दारात लावलेल्या त्या दहा बाय आठच्या फ्लेक्सवर मी होतो. काळा पट्टा, हाताची घडी, कपाळावर एक आठी. तो फोटो काढताना केतकीनं मला अडीच तास हसू दिलं नव्हतं. खाली लाल अक्षरांत 'हेरवाडेज् ब्लॅक टायगर मार्शल आर्ट्स', त्याखाली 'ग्रँडमास्टर सुकुमार हेरवाडे', आणि त्याहीखाली हातभर मोठा पिवळा आकडा घालून '५ वा डॅन'.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत वरपासून वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचे ओठ हलायचे, ती जुनी सवय. मी आत खांबाआड उभा राहून बघत होतो. त्यांना मी बोलावलंच नव्हतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. जयसिंगपुरात माझा कराटेचा क्लास होता, अजूनही आहे. तेव्हा पाटी असायची, 'नाईकवडी कराटे वर्ग, शाखा जयसिंगपूर'. मूळ वर्ग दानोळीत, हायस्कुलाच्या पटांगणावर. सर तिथं ड्रिल मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर फुकट कराटे शिकवायचे. मी सातवीत असताना त्यांच्यापुढं उभा राहिलो, तेव्हा ते म्हणाले होते, "सुक्या, जेवतोस का न्हाई घरात?" तेव्हापासून तेवीस वर्षं मी त्यांच्यासाठी सुक्या होतो. माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, केस विरळ झाले, तरी सुक्याच.

त्या वर्षी स्टँडजवळ एक नवी अकॅडमी उघडली होती. काचेचं दार, भिंतभर आरसे, आत एसी. चालवणारा बंगळुरात शिकून आलेला, केस मागं बांधणारा. वर्षभरात माझ्याकडची नव्वद पोरं एकतीसवर आली. उरलेली एकतीस माझ्या शिकवण्यावर खूश होती अशातला भाग नव्हता, त्यांची घरं क्लासला लागून होती. मी सकाळी एका पतसंस्थेत क्लार्क होतो, त्यामुळं उपाशी मरणार नव्हतो. पण क्लास बंद करायचा म्हणजे सुकुमार हेरवाडे कोण, तर पतसंस्थेतला क्लार्क, एवढंच उरलं असतं. ते मला सहन होत नव्हतं.

शेवटी बायकोनंच केतकी उपाध्येचा नंबर आणला. केतकी सांगलीची, जाहिरातींची एजन्सी चालवायची. दोन डॉक्टर, एक क्लासवाला आणि एक ज्योतिषी एवढ्यांचे 'पर्सनल ब्रँड' तिनं उभे केले होते.

"सर, पालक कराटे विकत घेत नाहीत," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "तुम्हाला विकत घेतात."

"मला?"

"हो. आणि तुम्ही सध्या कसे दिसता सांगू? रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे."

मला राग आला नाही, कारण मी खरोखरच तसा दिसत होतो. मग तिनं माझी मिशी काढायला लावली. खांदे मागं घेऊन चालायला शिकवलं. 'म्हणजे', 'तसं बघायला गेलं तर', 'आपलं साधंच' हे शब्द बोलायची बंदी केली. फेसबुकवर पान उघडलं. आणि एक दिवस पाटीपाशी उभी राहून तिनं विचारलं,

"नाईकवडी कोण?"

"माझे सर."

"क्लासवर येतात का ते?"

"नाही. दानोळीत असतात. आता रिटायर झालेत."

"मग पाटीवर कशाला?"

याला उत्तर होतं. मी ते दिलं नाही. आठ दिवसांत पाटी उतरली.

आता आकड्याचं सांगतो. काळ्या पट्ट्यालाही पुढं पायऱ्या असतात, त्यांना डॅन म्हणतात. मी दुसऱ्या डॅनवर होतो. सर स्वतः तिसऱ्यावर. चौथ्यासाठी चेन्नईला जाऊन पंधरा दिवस राहायचं आणि परीक्षा द्यायची. सरांना ते जमलं नाही. आधी आई अंथरुणाला खिळलेल्या, मग शाळेची सुट्टी मिळेना, मग गुडघे गेले. त्या काचेच्या अकॅडमीच्या दारावर मात्र 'चौथा डॅन' असं लिहिलेलं होतं. केतकीनं मला एक फॉर्म भरायला दिला होता, जन्मतारीख, पुरस्कार, अनुभव. त्यात एक रकाना होता, 'रँक'. मी पेन टेकवलं आणि पाच लिहिलं.

कुणी सांगितलं नव्हतं. केतकीला तर डॅन म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. "पाच छान दिसतो, मोठा घेऊ या," एवढंच म्हणाली ती.

आणि त्या रविवारी ओपन डे होता. दोनशे पालक बोलावले होते, प्रवेशाचे फॉर्म टेबलावर मांडले होते. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना केतकी हसत हसत आली.

"सरप्राइज! तुमच्या जुन्या सरांना मी फोन केला होता. आलेत बघा. गुरू-शिष्याचा एक फोटो पाहिजेच आपल्याला. थोडं इमोशन लागतं, सर."

मी बाहेर बघितलं, तर ते चष्मा पुसत होते.

लपून किती वेळ लपणार? मी बाहेर गेलो. सर गणवेश घालूनच एसटीनं आले होते. नीळ जास्त झालेला तो पांढरा गणवेश, आणि कमरेला तो काळा पट्टा, ज्याचे घड्यांपाशी झिजून आतले पांढरे दोरे दिसायला लागले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं,

"पाचवा?"

"हो, सर."

"कवा?"

"गेल्या वर्षी."

"चेन्नईला जाऊन?"

"हो."

इतकं सोपं असतं खोटं बोलणं, हे मला तेव्हा कळलं. आधीचं खोटं निदान कागदावर होतं, हे तोंडावर होतं. सर माझ्याकडं बघत राहिले. तेवीस वर्षं मी त्या चेहऱ्यावरून त्यांचा मूड ओळखत आलो होतो, पण त्या क्षणी मला काही वाचता आलं नाही. मग त्यांनी मान हलवली.

"बरं," म्हणाले.

मला वाटलं, पकडलं त्यांनी. आता ते दोनशे लोकांपुढं माईक हातात घेतील आणि सांगतील, हा माझा सुक्या, दुसऱ्या डॅनचा, मीच दिलाय त्याला. पण तेवढ्यात केतकीनं दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला आणि आम्हाला आत ढकललं.

आता आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे. तालमीच्या आधी सगळे विद्यार्थी पट्ट्याप्रमाणं ओळीत गुडघ्यांवर बसतात. सगळ्यात वरचा पट्टा उजव्या टोकाला. गुरू समोर, ओळीकडं तोंड करून. उजव्या टोकाचा जो असेल, त्यानं हाळी द्यायची, 'सेन्सेई नी रे'. म्हणजे गुरूंना वंदन. मग सगळ्यांनी कपाळ जमिनीला लावायचं. सरांच्या वर्गात या ओळीपुढं वय, पैसा, जात, काही चालायचं नाही. एका तहसीलदारांच्या मुलाला त्यांनी शाळेच्या शिपायाच्या मुलीच्या खाली बसवलं होतं. तहसीलदार स्वतः भेटायला आले, तर सर त्यांना म्हणाले होते, "साहेब, तुमची खुर्ची कचेरीत. हितं पट्टा बोलतोय."

स्टेजवर प्रमुख पाहुण्यांसाठी लाल मखमलीची खुर्ची ठेवली होती. मी हॉलच्या मध्यभागी जाऊन बसलो. समोर एकतीस पोरं. उजव्या टोकाला माझी सगळ्यात मोठी विद्यार्थिनी अपूर्वा मगदूम, तपकिरी पट्टा. केतकी कॅमेरा लावून तयार. पालक चिप्सच्या पुड्या बंद करत होते.

सर स्टेजकडं गेलेच नाहीत. ते ओळीच्या उजव्या टोकाला आले. अपूर्वा घाबरून उठायला लागली.

"बस, बाळ. जरा सरक," ते म्हणाले.

आणि माझ्यासमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या ओळीत, ते गुडघ्यांवर बसले. आधी डावा गुडघा, मग उजवा. उजवा टेकताना त्यांनी दात आवळले, ते मला दिसलं.

मला उठायचं होतं, सर, तिथं नको, असं म्हणायचं होतं. पण उठून म्हणणार काय? तिथं नको तर कुठं? ते वर बसले असते, तर फ्लेक्स खोटा होता. फ्लेक्स खरा असेल, तर त्यांची जागा तीच होती.

"सेन्सेई नी..."

हाळी द्यायचा मान उजव्या टोकाचा. ती त्यांनीच दिली, चाळीस वर्षं पटांगणावर वापरलेल्या त्या आवाजात. मागच्या खुर्च्यांवरची बारकी पोरं रडायची थांबली.

"...रे!"

त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि कपाळ टेकलं. मला त्यांच्या डोक्याचा मधला भाग दिसला, केस पूर्ण गेलेला. तेवीस वर्षांत मी सरांचं डोकं वरून कधी बघितलंच नव्हतं. मी परत वाकायचं विसरलो. ओळीतली पोरं कपाळ टेकून तशीच राहिली, कारण गुरूनं वाकून वर आल्याशिवाय ओळ उठत नाही. केतकी तोंडानं 'सर, सर' करायला लागली, तेव्हा मी कसाबसा वाकलो.

वर येतो तो सरांचा हात वर होता. ओळीत बोलायचं तर हात वर करून परवानगी घ्यायची, हाही त्यांचाच नियम.

"बोला, सर," मी म्हणालो.

"सर, एक विनंती हाय."

ते मला सर म्हणाले. दोनशे लोकांपुढं.

"पाचव्या डॅनला जो काता लागतो, तो मी नुसता नावानं ऐकलाय. बघायला कधी मिळाला न्हाई. तुमची हरकत नसंल तर आज दाखवा. मी मागनं करीन."

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. जणू समोर शत्रू आहे असं धरून एकट्यानं लढायचं. प्रत्येक पायरीचा काता वेगळा. पाचव्याचा काता सरांनी बघितला नव्हता, तसा तो मीही बघितला नव्हता.

मी त्या क्षणी सांगू शकलो असतो. आजही रोज आंघोळ करताना मला वाटतं, सांगू शकलो असतो. पण पालक टाळ्या वाजवायला लागले होते. केतकी दोन्ही अंगठे दाखवत होती. आणि माझ्या डोक्यात एकच विचार गरगरत होता, की म्हातारा मला सोडणार नाही. खोटं बोललास ना, मग आता नाच.

मी उभा राहिलो, पाठ फिरवली आणि नाचलो.

सत्तावीस हालचाली केल्या मी. सरांनी शिकवलेल्या जुन्या कात्यांचे तुकडे, एक उडी कुठल्यातरी व्हिडिओतली, एक गिरकी निव्वळ भीतीपोटी. चौदाव्या हालचालीला उजवीकडं वळायला निघालो, तर तिथं कार्यालयवाल्यांच्या शोभेच्या कुंड्या आल्या, म्हणून डावीकडं वळलो. आणि मागं दर वेळी एक क्षण उशिरानं सरांच्या पायांचा आवाज यायचा. मी पाय आपटला की त्यांचा पाय आपटायचा. मी ओरडलो की ते ओरडायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस माझ्या मागं माझं खोटं पाऊल न पाऊल गिरवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. मला वाटलं, माझं माकड केलं यांनी चारचौघांत.

संपलं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. केतकी धावत आली.

"सर, हे सोनं आहे सोनं! गुरू शिष्याच्या मागं उभा राहिला! हे पैसे देऊनसुद्धा मिळालं नसतं."

त्या दिवशी अठ्ठावन्न फॉर्म भरले गेले. सर जेवायलाही थांबले नाहीत. म्हशीच्या धारेची वेळ होईल म्हणाले. जाताना दारात माझ्यासमोर उभे राहून कमरेतून वाकले.

"येतो, सर."

तो 'सर' मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी मी पतसंस्थेत रजा टाकली आणि मोटरसायकल काढून दानोळीला गेलो. वाटेत मी सगळं मनाशी जुळवत होतो. चूक माझी, कबूल. पण माझ्या घरी येऊन, दार लावून दोन कानाखाली मारायच्या होत्या. खाली बसून, सर सर करून, काता मागून, अशी जिरवायची? आयुष्यभर ज्यांच्यासाठी घाम गाळला, त्यांनी? दानोळीच्या वेशीपर्यंत मी स्वतःला चांगलंच तापवून घेतलं होतं. माणूस लाजेपेक्षा रागात जास्त सुखी असतो.

दारात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मला बघून लगबगीनं उठल्या. पदर सावरला, जो माझ्यासाठी त्यांनी कधी सावरला नव्हता.

"या, या. ते मागं परड्यात हाईत. उजाडल्यापासनं न्याहारी न्हाई का काय न्हाई. मी च्या ठेवते."

परड्यात म्हैस बांधलेली, आणि तिच्यापुढच्या मोकळ्या जागेत सर कालचा काता करत होते. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर शंभर पानी वही उघडी होती, तिच्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. ते दोन हालचाली करायचे, वहीपाशी येऊन बघायचे, परत जायचे. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं.

मला बघताच ते थांबले, ताठ उभे राहिले आणि वाकले.

"बरं झालं आलात, सर. चौदाव्याला अडलोय. तुम्ही डावीकडं वळलात. पर हल्ला तर उजवीकडनं येतोय. मग शत्रूला पाठ कशी काय दिली? त्यात कायतरी खोल असणार, मला गावंना झालंय."

मग मात्र माझा तोल सुटला.

"पुरे, सर! अजून किती?"

"काय झालं?"

"काल केलंत तेवढं बास झालं. माझी जिरवायची होती ना चारचौघांत? जिरली. खाली बसलात, सर म्हणालात, माझ्याकडनं तो तमाशा करून घेतलात. दारात फ्लेक्स वाचलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं मी खोटा आहे ते. मग तिथंच एक ठेवून द्यायची होती! मी चेन्नईला गेलो नाही, मी पाचवा डॅन नाही, दुसराच आहे, तुम्हीच दिलेला. तुम्हाला ठाऊक असून हे असं..."

मी बोलत होतो आणि सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या हातात पेन्सिल होती. माझं बोलणं संपलं तरी ते तसेच बघत राहिले, माझं अजून काही सांगायचं राहिलं आहे अशासारखे.

"म्हंजे?" ते म्हणाले.

मला धक्का बसला. आयुष्यात मला असा धक्का परत बसलेला नाही, वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. त्या 'म्हंजे'मध्ये टोमणा नव्हता. राग नव्हता. त्यांना खरोखर कळलं नव्हतं, आणि ते मला नीट सांगायला सांगत होते.

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी फ्लेक्स वाचला होता आणि विश्वास ठेवला होता. आपण जिथं पोचलो नाही तिथं आपला पोरगा पोचला, एवढंच त्यांनी वाचलं होतं. मग रीतीप्रमाणं ते आपल्या जागेवर जाऊन बसले होते. त्यात माझी जिरवणं कुठंच नव्हतं. ती माझ्या डोक्यातली घाण होती.

आणि त्यांना हे मी सांगितलं होतं. आत्ता. ओरडून.

"सर, मी..."

"पट्ट्याबद्दल कुणी खोटं बोलतंय व्हय?"

हा प्रश्न त्यांनी मला उत्तरासाठी विचारला. असं घडतं का, लोक असं करतात का, ही माहिती त्यांना हवी होती. मी मान खाली घातली.

"मग हा काता?"

"नाही असा काता. तिथंच जुळवला मी. डावीकडं वळलो, कारण उजवीकडं कुंड्या होत्या."

"कुंड्या."

"हो."

त्यांनी वहीवरचा दगड उचलला. मला पान दिसलं. वर लिहिलं होतं, 'काता, डॅन पाचवा. शिकवणार सुकुमार हेरवाडे सर.' खाली सत्तावीस ओळी, प्रत्येकीपुढं काड्यांचा एक छोटा माणूस काढलेला. चौदाव्या माणसापुढं प्रश्नचिन्ह होतं.

"मला वाटलं, आपलंच वय झालं," ते म्हणाले. "म्हणून ध्यानात येईना."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. माझे हात पोचायच्या आत त्यांनी पाय मागं घेतले. एक पाऊल, मग आणखी एक. पाठीमागं म्हशीचा खुंटा आला, तेव्हा ते थांबले.

"ते नको," म्हणाले.

"सर, मारा मला. शिव्या द्या. सुक्या म्हणा."

"दोनशे माणसांत वाकलोय मी. कपाळ टेकलंय. ते काय परत घ्यायचं असतंय? आता तुम्ही वरचे. वरच्याला शिव्या कशा देणार?"

"पण ते खोटं होतं!"

"तुमचं खोटं होतं. माझं वाकणं खरं होतं."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ताटात चहाबरोबर पेढ्याचा बॉक्सही होता, त्यात दोनच पेढे उरलेले.

"घ्या. काल रातच्याला ह्यांनी सगळ्या गल्लीत वाटलं," त्या हौसेनं सांगायला लागल्या. "जो भेटंल त्याला तेच. माझा पोरगा माझ्या फुडं गेला म्हणून. मी म्हटलं, अहो, तुमच्या फुडं गेला तर तुमास्नी वाईट न्हाई वाटत? तर मला म्हणत्यात, खुळी का काय तू!"

सर म्हशीकडं बघत होते. काकू आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले,

"हिला यातलं काय बोलू नका."

मी एक पेढा तोंडात घातला. तो गिळता येईना. तो कुठं थुंकायचा, हेही मला कळेना. शेवटी चहाबरोबर गिळला आणि निघालो. मी मोटरसायकल चालू केली, तेव्हा सर दारापर्यंत आले आणि कमरेतून वाकले.

मंगळवारी मी पेंटरला बोलावून बोर्डावरचा पाच खोडायला लावला आणि दोन काढून घेतला. पत्रकं नवीन छापली. फेसबुकवर बदललं. पालकांनी विचारलं की खरं ते सांगायचं, असं ठरवून मी महिनाभर वाक्यं पाठ करत होतो. एकानंही विचारलं नाही. अठ्ठावन्नपैकी एकही फॉर्म परत गेला नाही. केतकीलाही फरक कळला नाही, पिवळा रंग का काढला एवढंच ती म्हणाली. अख्ख्या जयसिंगपुरात तो आकडा एकाच माणसानं मनापासून वाचला होता.

क्लास चांगला चालला. 'नाईकवडी' हे नाव मी परत पाटीवर लावायला निघालो, तेव्हा सरांनी निरोप पाठवला की वरच्यानं खालच्याचं नाव लावायचं नसतं. चार वर्षांनी, तोवर तिसऱ्याची परीक्षाही चेन्नईलाच व्हायला लागली होती, मी खरोखर तिथं गेलो, पंधरा दिवस राहिलो आणि तिसरा डॅन घेऊन आलो. प्रमाणपत्र घेऊन दानोळीला गेलो. म्हटलं, आता तरी बरोबरीला आलो, आता तरी तू म्हणतील. सरांनी चष्मा पुसून ते ओठ हलवत वाचलं, शिक्का बोटानं चाचपून बघितला.

"हे खरं," म्हणाले. आणि वाकले.

सात वर्षं जगले ते त्यानंतर. दर भेटीला तेच आधी वाकायचे. मी घाई करून आधी वाकायला बघायचो, पण ड्रिल मास्तर माणूस, माझ्याहून चपळ. मी त्यांच्याहून खाली वाकायचो, तर ते आणखी खाली जायचे. शेवटी त्यांच्या गुडघ्यांची दया येऊन मी तो खेळ सोडला. रागानं ते करायचे असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं, तर मी सुखानं झोपलो असतो.

शेवटचं भेटलो ते मिरजेच्या एका दवाखान्यात. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. काकू उशाशी बसून होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि सरांनी मला बघितलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. डोकं उशीवरून दोन बोटं वर आलं, पुढं झुकलं, आणि परत उशीवर पडलं.

काकूंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. मग कौतुकानं माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"बघा की, सर. ह्या दशेतसुदीक. पाचव्या डॅनला वाकल्याबिगर चैन पडत न्हाई ह्यास्नी."